जुना चार चॅनलचा डिजिटल स्कोप घेतलाय, साफसफाई, दुरुस्ती आणि अपग्रेड (धागा लांबेल)

सोल्डरवाला_लातूर

राम राम मंडळी. वर्षभर सेकंडहँड स्कोप (ऑसिलोस्कोप, विजेचा सिग्नल लाटेसारखा स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) शोधूलालो होतो, शेवटी मिळाला. रायगॉल डीएस१०५४झेड, चार चॅनल म्हणजे एकावेळी चार सिग्नल, बँडविड्थ ५० मेगाहर्ट्झ म्हणजे साधारण तेवढ्या वेगापर्यंतचे सिग्नल दिसतात, चौदा हजारात सौदा झाला. आधीच्या मालकाची जिनिंग आहे, तिथल्या मेंटेनन्स रूममधे तो बरीच वर्षं टेबलावर उघडाच पडून होता, त्यामुळं कापसाच्या तंतूनं मागची जाळी पांढरी झालीय. चालू केला की पंखा आधी गुरगुरतो, मग दोन मिनिटांनी कुंथल्यासारखा आवाज काढतो. व्होल्ट डिव्हिजनचा नॉब (स्क्रीनवरच्या एका चौकटीला किती व्होल्ट ते ठरवणारा) एक घर फिरवला तर कधी दोन घरं पुढं जातो, कधी उलटाच मागं येतो, आणि ह्या मॉडेलला चारी चॅनलला मिळून हा एकच नॉब असल्यामुळं पळायला दुसरी वाट नाही. चॅनल तीनची रेघ शून्यावर बसत नाही, थोडी वर राहते. बाकी स्क्रीन स्वच्छ, एकही डाग नाही.

माझं दुकान रिपेअरिंगचं आहे, सोलर पंपाचे कंट्रोलर, ई-बाईकचे चार्जर, एलईडी टीव्हीचे सप्लाय असं काम येतं. आजवर एका चॅनलच्या जुन्या सीआरओवर (ट्यूबवाल्या स्कोपवर) भागवलं, त्याची ट्यूब आता मंद झालीय. माझा प्रश्न साधा आहे, आधी काय करू? आणि ५० चा १०० मेगाहर्ट्झ करता येतो म्हणतात, ते करावं का?

वाळूज_मेंटेनन्स

अभिनंदन दादा, चांगली वस्तू मिळाली. पण पंखा असा आवाज करत असेल तर आता चालू ठेवू नका, बंद करा आणि आधी उघडा. मेगाहर्ट्झचं नंतर बघू.

उघडायच्या आधी एक काम. मल्टिमीटर ओहमवर लावा, एक टोक पुढच्या बीएनसीच्या (सिग्नलची वायर लावायच्या गोल सॉकेटच्या) बाहेरच्या कड्याला, दुसरं वायरच्या प्लगच्या अर्थ पिनला. एक ओहमच्या आत यायला पाहिजे. नाही आलं तर आधीच्या मालकाकडं कुणीतरी अर्थ तोडलीय असं समजा आणि ते जोडल्याशिवाय पुढं जाऊ नका. कारखान्यात हे लै वेळा बघितलंय, पिन कापलेली असते आणि वरून टेप गुंडाळलेला.

मग प्लग काढून दहा मिनिटं ठेवा. सप्लायच्या मोठ्या कपॅसिटरवर २३० च्या लाईनला साधारण ३२५ व्होल्ट डीसी साठलेलं असतं, ते मीटरनं मोजा, राहिलं असेल तर पाच वॅटच्या दोन-तीन किलोओहमच्या रेझिस्टरनं उतरवा, स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडू नका. धूळ काढताना ब्लोअर लांबून आणि हळू मारा, आणि पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा, नाहीतर हवेच्या झोतानं तो भरमसाठ फिरतो आणि होतं नव्हतं ते बेअरिंग पण जातं. जिथं तंतू चिकटलेत तिथं रंगाचा मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. थिनर अजिबात नको, प्लास्टिक पांढरं पडतं.

परभणीचा_रेडिओवाला

अर्थचं वरती सांगितलं ते शंभर टक्के. मी व्होल्टेजचं सांगतो कारण आपल्याकडं सगळे तिथंच मरतात. स्कोपच्या मागं १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. आमच्या भागात दिवसा मोटारी चालू असल्या की १७० दिसतंय, आणि रात्री दोनला शेतीचा लोड सुटला की २६५-२७० पर्यंत जातंय, मी स्वतः वहीत लिहून ठेवलंय. आता २७० ला १.४१४ नं गुणा (एसीचं शिखर एवढ्या पटीनं उंच असतं), ३८२ व्होल्ट होतात. सप्लायमधला मोठा कपॅसिटर बहुतेक ठिकाणी ४०० व्होल्टचा असतो. म्हणजे राहिलं किती, अठरा व्होल्ट! आणि ४३ डिग्रीच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचं दुकान, पंख्यात कापूस. कपॅसिटर फुगला की लोक म्हणतात माल खराब निघाला, कामून निघणार नाही?

माझं म्हणणं, स्कोपला एक छोटा स्टॅबिलायझर द्या आणि दुकान बंद करताना प्लग काढायचा म्हणजे काढायचा. पुढच्या बटणावर विसंबू नका, ते बटण बंद असलं तरी आत सप्लाय जागा असू शकतो.

सोल्डरवाला_लातूर

काल रविवार होता, सकाळी बसलो ते तीन वाजेपर्यंत. आधी अर्थ मोजली, ०.४ ओहम आली, जीव भांड्यात पडला. स्क्रू टॉर्क्सचे आहेत, त्यातले दोन हँडलखाली लपलेत, ते सापडेपर्यंत मी उगं कव्हर ओढूलालो होतो, कुणी उघडणार असेल तर जोर लावू नका, आधी हँडल वर करून बघा.

आत बघितलं तर पंख्याच्या मागं कापसाचा अख्खा थर. चिमट्यानं धरला तर गोधडीचा तुकडा निघावा तसा एका दमात निघाला, बोटाएवढा जाड, आणि त्याच्या आतल्या बाजूला काळं तेल लागलेलं. म्हणजे पंख्याच्या बेअरिंगचं तेल त्या तंतूनं शोषून घेतलं होतं. हवाच जात नव्हती तर आतलं सगळं तापत होतं. पंख्याच्या लेबलवरचे व्होल्ट, करंट आणि माप लिहून घेतलं, फोटो काढला, भाऊजी हैदराबादला चालले होते त्यांना कोठीच्या गुजराती गल्लीतून तसाच पण बॉल बेअरिंगचा आणायला सांगितला. लोक आवाज कमी व्हावा म्हणून हळू फिरणारा पंखा टाकतात, मी नाही टाकणार. आपल्या इथं मे महिन्यात खोलीतलीच हवा चाळीसची असते, आवाज चालेल, हवा कमी पडायला नको. बसवताना बाणाची दिशा बघा, जुना जिकडं हवा फेकत होता तिकडंच नवा.

सप्लायचे कपॅसिटर वरून सपाट आहेत, एकही फुगलेला नाही. ईएसआर मीटरनं (कपॅसिटरचा आतला रेझिस्टन्स मोजणारं मीटर) जेवढे बोर्डात राहून मोजता आले तेवढे मोजले, सेकंडरीचा (सप्लायच्या कमी व्होल्टच्या बाजूचा) एक बाकीच्यांच्या दुप्पट दाखवूलाला म्हणून तो १०५ डिग्रीचा टाकून बदलला.

मग अर्धा तास चालू ठेवून, चारी चॅनलचे प्रोब (सर्किटला टेकवायच्या सिग्नलच्या वायरी) काढून सेल्फ-कॅल चालवलं. चॅनल तीनची रेघ जाग्यावर आली!! एवढ्यासाठी मी त्या चॅनलच्या ऑप-अँपवर (सिग्नल वाढवणाऱ्या आयसीवर) संशय घेऊन बसलो होतो.

डिप्लोमा_धाराशिव

दादा एक शंका. सेल्फ-कॅल म्हणजेच कॅलिब्रेशन का? आणि प्रोब कामून काढायचे? आम्हाला कॉलेजात डायरेक्ट प्रोब लावून ऑटो बटण दाबायला शिकवलंय.

तंत्रनिकेतन_मॅडम

नांदेडहून लिहितेय. प्रश्न चांगला विचारलास. सेल्फ-कॅलमधे स्कोप स्वतःच्या आतल्या संदर्भाशी स्वतःला जुळवतो, मुख्यतः शून्याची रेघ आणि प्रत्येक रेंजचं गेन, म्हणजे सिग्नल किती पट करायचा ते. प्रोब लावलेला असेल तर त्यातून येणारी गुणगुण किंवा थोडंसं डीसी पण त्या हिशोबात धरलं जातं, म्हणून इनपुट मोकळे ठेवायचे. आणि अर्धा तास तापू द्यायचा कारण तापमानाबरोबर रेघ सरकते, थंड असताना जुळवलं तर तासाभरानं पुन्हा चुकणार. आपल्याकडं जानेवारी आणि मे यात खोलीच्या तापमानाचा फरकच वीस-पंचवीस डिग्रीचा, तेव्हा ऋतू बदलला की सेल्फ-कॅल करावं.

कॅलिब्रेशन वेगळं. त्यात बाहेरचा, मूळ मानकापर्यंत साखळी जोडलेला सोर्स लावून आकडा किती चुकतोय ते लिहून देतात. एनएबीएलची (लॅबना मान्यता देणारी आपल्या देशातली संस्था) मान्यता असलेली लॅब आयएसओ/आयईसी १७०२५ ह्या मानकाप्रमाणं सर्टिफिकेट देते. कंपनीच्या ऑडिटला ते लागतं, रिपेअरिंगच्या दुकानाला दरवर्षी लागत नाही. चांगल्या मल्टिमीटरशी डीसी ताडून बघितलं तरी पुरेसं. आणि स्कोपकडून मल्टिमीटरची अपेक्षा पण करू नये, आत ८ बिटचा एडीसी (सिग्नलचे आकडे करणारी आयसी) आहे, म्हणजे २५६ पायऱ्या. ५ व्होल्ट डिव्हिजनला एक पायरीच ०.१५-०.२ व्होल्टची पडते. स्कोप आकार बघायला असतो, तिसरा दशांश वाचायला नाही.

जाता जाता, ज्यांच्याकडं नव्वदच्या दशकातले मोठे जड डिजिटल स्कोप आहेत त्यांच्यासाठी. त्यातल्या अनेकांत कॅलिब्रेशनचे आकडे बॅटरीवर जगणाऱ्या मेमरीत ठेवलेले असतात, बॅटरी त्या आयसीच्या पोटातच. ती मेली की स्कोप चालू होतो पण आकडे गेलेले असतात आणि ते परत आणणं महाकठीण. आमच्या लॅबमधला एक असाच गेला, दोन उन्हाळ्याच्या सुट्ट्यांत बंद कपाटात होता. जिवंत असतानाच त्या मेमरीची कॉपी काढून ठेवा. त्याच पिढीतले बोर्डावरचे सपाट बसणारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर गळतात आणि खालचा तांब्याचा ट्रॅक खातात. बोर्डाला माशासारखा वास आला की समजायचं गळालाय.

बप्पा_अंबाजोगाई

नॉबचं राहिलंच की. ते रोटरी एन्कोडर असतंय, आत दोन पत्र्या असतात आणि एक आधी टेकते एक नंतर, त्यावरून डावीकडं का उजवीकडं ते कळतं. मळ बसला की एक पत्री टेकतच नाही, म्हणून घर चुकतं. नॉब सरळ ओढून काढ, दांड्याच्या फटीतून कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोनच थेंब, मग दोन्हीकडं पन्नास पन्नास वेळा फिरव. गंज काढायचा तेलकट स्प्रे मारू नको, दोन दिवस बरं वाटतं आन मग त्या तेलावर धूळ धरती. नाही जमलं तर बदल, पण घेताना दांड्याची लांबी, एका फेऱ्यात किती घरं आणि दाबल्यावर टिक होतं का हे तिन्ही जुळव.

अजून एक. व्होल्ट डिव्हिजन बदलताना आत टिक टिक वाजतं ते रिलेचं. पडून राहिलेल्या स्कोपच्या रिलेच्या टिकल्यांवर थर बसतो, एखाद्या रेंजवर सिग्नल अर्धाच दिसतो. सगळ्या चॅनलला खालून वर, वरून खाली तीस-चाळीस वेळा फिरवून घे, बऱ्याचदा तेवढ्यानंच साफ होतंय.

सोल्डरवाला_लातूर

बप्पा, हात जोडतो. दोन थेंब आणि पन्नास फेऱ्या, नॉब नव्यासारखा चाललाय. रिलेचं पण केलं. आता खरा प्रश्न, १०० मेगाहर्ट्झ.

जालना_ड्राईव्ह

आता मुद्द्यावर आलात. ह्या मॉडेलचा १०० मेगाहर्ट्झचा भाऊ आहे, डीएस११०४झेड. आतला बोर्ड तोच, ५० वाल्यात बँडविड्थ सॉफ्टवेअरनं अडवलेली. लायसनचा कोड टाकला की उघडते, हे सगळ्या जगाला माहीत आहे. पण करण्याआधी हिशोब बघा. एडीसी एका सेकंदाला १ अब्ज सॅम्पल (सिग्नलची मोजमापं, म्हणजे ठिपके) घेतो, पण ते सगळ्यांत वाटून. एक चॅनल चालू तर पूर्ण १०० कोटी, दोन चालू तर ५० कोटी, तीन किंवा चार चालू केले की प्रत्येकाला २५ कोटी. १०० मेगाहर्ट्झच्या लाटेला चार चॅनलवर अडीच ठिपके मिळणार! अडीच ठिपक्यांतून स्क्रीनवर जे दिसेल त्यावर मी तर आयजीबीटी (मोटरचा करंट चालू-बंद करणारा पार्ट) बदलणार नाही. ५० वर असताना पाच ठिपके मिळतात, तो आकार तरी खरा असतो. म्हणजे १०० चा फायदा फक्त एक-दोन चॅनलवर.

आणि तुमचं काम काय? सप्लाय ६५-१०० किलोहर्ट्झवर चालतो, ड्राईव्हची (मोटरच्या कंट्रोलरची) पीडब्ल्यूएम म्हणजे चालू-बंद करायची गती पाच-दहा किलोहर्ट्झ, गेटचा (आयजीबीटी चालू-बंद करणाऱ्या पायाचा) पल्स शेकडो नॅनोसेकंदात चढतो. ५० मेगाहर्ट्झचा स्कोप ७ नॅनोसेकंदाचा चढ दाखवतो, ०.३५ भागिले बँडविड्थ. तुम्हाला सात कुठं कमी पडणार आहे?

शिवाय कोड जनरेटरनं काढणं म्हणजे न विकत घेतलेली गोष्ट वापरणं, हे मला पटत नाही. कुणी रागावू नका.

परभणीचा_रेडिओवाला

रागावत नाही पण पटतही नाही. पैसे मोजून घेतलेला डबा आहे, आतला प्रत्येक पार्ट त्याचा आहे, तो उघडायचा हक्क त्याचा. शेतकऱ्यानं ट्रॅक्टरला स्वतः पाना लावायचा नाही का? माझ्या स्कोपवर केलंय, दोन वर्षं झाली, चाललाय.

जालना_ड्राईव्ह

पाना लावा ना, तेच तर वर चाललंय. पण पार्ट बदलणं आणि लायसनचा नंबर बनवणं ह्यात मला फरक वाटतो. दुकानात गिऱ्हाईकाला बिल देतो, तिथं मी असल्या नंबरवर चाललेलं मशीन ठेवणार नाही. ज्याचं त्यानं ठरवावं.

वाळूज_मेंटेनन्स

दोघांचं ऐकलं. मी फक्त फर्मवेअरच्या (स्कोपच्या आतल्या सॉफ्टवेअरच्या) अपडेटचं सांगतो, कारण ते कायदेशीर आहे आणि करायलाच पाहिजे. युटिलिटीमधे सिस्टीमची माहिती उघडा, आवृत्ती लिहून घ्या, कंपनीच्या साईटवरून ह्याच मॉडेलचीच फाईल घ्या. पेनड्राईव्ह लहान आणि फॅट३२ केलेला. आणि कृपा करून, कृपा करून युपीएसवर लावून करा. माझ्याकडं दुसऱ्या एका स्कोपचं अपडेट ८० टक्क्यांवर असताना लाईट गेली. परत आली तेव्हा स्क्रीन काळी, नुसते सगळे दिवे लागलेले. फ्लॅशची आयसी काढून प्रोग्रॅमरवर लिहायला लागली, त्यात एक पॅड उचकटला, तीन आठवडे गेले. तेव्हापासून घरचा इन्व्हर्टर चालू आहे ना हे दोनदा बघितल्याशिवाय मी कुठल्याच मशीनचं अपडेट लावत नाही.

आणि ह्या स्कोपला मागं लॅनचं पोर्ट आहे ते बहुतेक लोक कधी वापरतच नाहीत. शंभर रुपयाच्या केबलनं लॅपटॉपला जोडा, पायथॉनच्या दहा ओळीत स्क्रीनचा फोटो आणि आकडे खेचता येतात. चांगल्या बोर्डाच्या प्रत्येक टेस्ट पॉईंटचा फोटो फोल्डरमधे ठेवा, पुढचा तसाच खराब बोर्ड आला की शेजारी ठेवून बघा. अपग्रेड म्हणजे माझ्या मते हे.

तंत्रनिकेतन_मॅडम

बँडविड्थच्या आधी प्रोब! सेकंडहँड स्कोपबरोबर आलेले प्रोब कुणीच तपासत नाही. प्रोब १०एक्सवर (सिग्नल दहा पट कमी करून घेतो ते बटण) ठेवून पुढच्या १ किलोहर्ट्झच्या चौकोनी सिग्नलला लावा. कोपऱ्याला शिंग फुटलेलं दिसलं तर जास्त भरपाई, कोपरा गोल झाला तर कमी. प्लास्टिकच्या स्क्रूड्रायव्हरनं प्रोबचा ट्रिमर (जुळवायचा छोटा स्क्रू) फिरवा, माथा सपाट होईपर्यंत. लोखंडी स्क्रूड्रायव्हर लावला की हात काढल्यावर आकार बदलतो. आणि प्रोब एका चॅनलवरून दुसऱ्यावर नेला की हे पुन्हा करायचं. १एक्सवर बऱ्याच प्रोबची बँडविड्थ सहा-सात मेगाहर्ट्झच उरते, तेव्हा कुणी प्रोबचं ते बटण १एक्सवर ठेवून स्कोपला नावं ठेवू नयेत.

दुसरं म्हणजे मगरीच्या चिमट्याची ती पंधरा सेंटीमीटरची वायर. सेंटीमीटरला साधारण १० नॅनोहेन्री इंडक्टन्स धरा, दीडशे झाले, प्रोबच्या टोकाचा बारा-तेरा पिकोफॅरड कपॅसिटन्स, दोन्ही मिळून शंभर-सव्वाशे मेगाहर्ट्झच्या आसपास घंटेसारखे वाजतात, म्हणजे सिग्नलवर खोट्या लाटा उठतात. म्हणजे स्कोप १०० चा केला की हीच खोटी घंटा जास्त स्पष्ट दिसणार. प्रोबच्या पाकिटात एक छोटी स्प्रिंग असते, ती टोकाजवळ लावून जवळच्या ग्राउंडला टेकवा.

डिप्लोमा_धाराशिव

मॅडम, करून बघितलं. ७४एसी१४ ह्या लॉजिक आयसीचा एक पल्स बनवला ब्रेडबोर्डवर, आयसीच्या पायाजवळ ०.१ मायक्रोफॅरड लावला. मित्राच्या ५० मेगाहर्ट्झच्या स्कोपवर लांब वायरनं बघितलं तर चढ झाल्यावर पाच-सहा लाटा येत होत्या, मला वाटलं आयसी डुप्लिकेट आहे. स्प्रिंग लावली तर एक छोटा उंचवटा, बाकी साफ. सर्किटला हातसुद्धा लावला नव्हता! चढ ७.४ नॅनोसेकंद मोजला.

तंत्रनिकेतन_मॅडम

शाब्बास. आयसीचा स्वतःचा चढ दोनएक नॅनोसेकंद आणि स्कोपचा सात, दोघांचे वर्ग मिळवून वर्गमूळ काढ, ७.३ येतं. तुझं माप बरोबर आहे.

जालना_ड्राईव्ह

सोल्डरवाले दादा सोलर पंपाचे कंट्रोलर करतात म्हणाले म्हणून एक गोष्ट ठळक सांगतो. स्कोपच्या चारी चॅनलचं ग्राउंड आत एकच आहे आणि ते अर्थला जोडलेलं आहे. प्रोबचा चिमटा ड्राईव्हच्या निगेटिव्ह बसला (आतल्या डीसी सप्लायच्या वजा टोकाला) लावला तर बस सरळ अर्थला शॉर्ट. थ्री फेज ४१५ ची ड्राईव्ह असेल तर बसवर ५८७ व्होल्ट असतात. चिमटा उडतो, प्रोब जळतो, कधी स्कोपचं पुढचं पोट जातं. आणि साध्या १०एक्स प्रोबवर ३०० व्होल्टच्या आसपासच मर्यादा छापलेली असते, तुमच्यावर काय छापलंय ते वाचा.

उपाय म्हणून काहीजण स्कोपची अर्थ पिन कापतात. मग स्फोट होत नाही खरा, पण स्कोपचं बीएनसीचं कडं, पुढची पेनड्राईव्हची पत्री, सगळंच शेकडो व्होल्टवर जातं. हात लावणारा माणूस मरतो. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (लाईन आणि अर्थपासून वेगळं करणारा) स्कोपला नाही, दुरुस्तीच्या बोर्डाला लावायचा. किंवा दोन प्रोब घेऊन चॅनल एक वजा चॅनल दोन. किंवा सरळ डिफरन्शियल प्रोब, जो अर्थशी न जोडता दोन टोकांमधला फरकच दाखवतो. १०० मेगाहर्ट्झच्या नादापेक्षा त्यासाठी पैसे जमवा.

बप्पा_अंबाजोगाई

हे वाचून अंगावर काटा आला कारण आमच्याकडं झालंय. हाताखालच्या पोरानं पिन कापलेल्या स्कोपला ओल्या हातानं धरलं, सहा फूट मागं फेकल्या गेलं. वाचलं, पण दोन बोटं अजून बधिर हायेत. त्या दिवशी दुकानातल्या सगळ्या वायरी तपासल्या.

आन अर्थ पिन असून भागत नाही बरं का, अर्थिंग जिवंत पाहिजे. आपली जमीन एप्रिल-मेमधे भेगाळती, खड्ड्यातलं मीठ-कोळसा कोरडा ठणठणीत होतो. न्यूट्रल आन अर्थमधे मीटर लावून बघा, दोन-तीन व्होल्ट ठीक, तीस-चाळीस दिसले तर काहीतरी बिघडलंय. मी उन्हाळ्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओततो. सोळा सालच्या दुष्काळात सुद्धा भांडी धुतलेलं पाणी तिथंच ओतलं.

सोल्डरवाला_लातूर

पंधरा दिवस गप्प होतो, कारण सांगतो. १०० मेगाहर्ट्झचं रद्द केलं. त्याऐवजी दोन नवे प्रोब घेतले, अर्थिंगचा खड्डा नवीन केला, स्कोपला स्टॅबिलायझर दिला. आणि जालन्याच्या भाऊंनी ओळख ना देख, स्वतःचा डिफरन्शियल प्रोब एसटीच्या पार्सलनं महिनाभरासाठी पाठवून दिला, त्याबद्दल काय बोलू.

औसा तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा ५ एचपी सोलर कंट्रोलर तीन महिने माझ्या फळीवर पडून होता. पंप जोडला की ओव्हरकरंट दाखवून थांबायचा, कधी चालायचा कधी नाही. आयजीबीटी मीटरवर चांगले, सप्लाय चांगला, त्याआधी मी दोन वेळा परत केला होता. परवा रात्री बोर्डाला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावला, १०० वॅटचा बल्ब सिरीजला, मोटर सोडलेली. वरच्या तिन्ही आयजीबीटीचे गेट एकेक करून डिफरन्शियल प्रोबनं बघितले, प्रत्येकाचा फोटो लॅनवरून लॅपटॉपवर. यू फेजचा पल्स १५ व्होल्ट, माथा सपाट. व्ही चा पण तसाच. डब्ल्यू चा १३ वर चढतो आणि माथा उतरत उतरत साडेनऊला येतो, उतरत्या छपरासारखा. तिन्ही फोटो शेजारी ठेवले तर लहान लेकराला पण फरक दिसला असता. मल्टिमीटरवर त्याच गेटच्या सप्लायला सरासरी १४ दाखवत होतं म्हणून मी तीन महिने फसलो.

त्या वरच्या गेटचा सप्लाय स्वतंत्र असतो, त्याच्यावर एक २२ मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर आहे, हीटसिंकला अगदी चिकटून. काढून मोजला तर ३ मायक्रोफॅरड. उन्हात तापून वाळला होता. १०५ डिग्रीचा नवा टाकला, बाकीचे दोन पण बदलून घेतले, माथा सपाट. काल पंप जोडून चार तास चालवला, त्या मामांच्या उसाला पाणी गेलं. मामा फोनवर म्हणाले, पोरा तीन महिन्यांत पहिल्यांदा दिवसाढवळ्या दारं धरूलालोय.

परभणीचा_रेडिओवाला

हाव, ह्याला म्हणतात काम. उतरत्या माथ्याचा तो फोटो इथं टाका की, माझ्याकडं अशाच तक्रारीचे दोन पडलेत.

डिप्लोमा_धाराशिव

दादा, सुट्टी लागलीय. एक दिवस दुकानात येऊन बसू का? नुसतं बघतो, मधे येणार नाही.

सोल्डरवाला_लातूर

ये की. गुरुवारी दुकान बंद असतं, शुक्रवारी सकाळी दहाला ये, बसस्टँडवरून फोन कर. तुझा तो ७४एसी१४ चा पल्सवाला बोर्ड घेऊन ये, माझे नवे प्रोब त्याच्यावर बघायचेत. फोटो रात्री टाकतो, परभणीकर.